शिरोरेषेचा कोन

मोडी लिहिणारा कारकून कागदावर आधी डावीकडून उजवीकडे शिरोरेषा ओढून घेई आणि मग तिच्याखाली, बोरू शक्य तितका कमी उचलत, अक्षरे लिहीत जाई. शब्द तोडून लिहिण्याची चाल नसल्यामुळे ओळीला धरून ठेवणारी अशी तेवढी एक रेषाच असे. म्हणूनच जुन्या महजराचे, म्हणजे निवाडापत्राचे, छायाचित्र संगणकावर उघडले, की त्यातील तिरकेपणा इतर कोणत्याही चित्रातल्यापेक्षा लवकर नजरेत भरतो. घरच्या रुमालांतले, म्हणजे दप्तराच्या कापडी गाठोड्यांतले, असे कागद वाचनयोग्य करण्याचे काम मी आवडीने करीत आलो आहे, आणि त्या कामात सर्वांत अधिक वेळ व लक्ष ज्या एका क्रियेला द्यावे लागते, ती म्हणजे लेयर, अर्थात चित्राचा स्वतंत्र थर, फिरविण्याची क्रिया.

महजराचा कागद बहुधा एका छायाचित्रात मावत नाही. ताव एकाखाली एक डकवून तो लांबविलेला असतो, म्हणून त्याची छायाचित्रे तुकड्यातुकड्यांनी, प्रत्येक तुकड्यात मागच्याचा थोडा भाग पुन्हा येईल अशा बेताने घ्यावी लागतात. आणि कॅमेरा कितीही जपून धरला तरी प्रत्येक तुकडा आपापल्या कोनात कलतो. सबंध चित्र एकदम फिरवून येथे भागत नाही, कारण पहिल्या तुकड्याला जो कोन मानवतो तो दुसऱ्याला मानवत नाही. प्रत्येक तुकडा स्वतंत्र लेयरवर ठेवूनच वळवावा लागतो. फोटोशॉपमध्ये ही लेयरची सोय १९९४ साली, तिसऱ्या आवृत्तीत आली. त्यापूर्वी चित्रावर डकविलेला तुकडा एकदा खाली टेकविला, की तो खालच्या चित्राशी एकजीव होऊन जाई. मी वापरतो ते गिम्प हे चित्रसंपादनाचे सॉफ्टवेअर मोफत मिळते आणि या कामाला पुरेपूर आहे.

नुकताच हातावेगळा केलेला एक महजर घेऊ. त्याच्या दोन तुकड्यांत सामाईक आलेल्या भागात पाटलाची निशाणी आहे, चार-पाच फटकाऱ्यांत काढलेला नांगर. वरच्या लेयरची ओपॅसिटी निम्म्यावर आणली, की दोन्ही नांगर एकमेकांतून दिसू लागतात, एक गडद आणि एक फिका, किंचित अंतरावर. प्रथम वरचा लेयर सरकवून दोन्ही फाळांची टोके तंतोतंत एकावर एक आणावयाची. नंतर फिरविण्याचे हत्यार उचलून, त्याचे मध्यबिंदूचे चिन्ह, जे आपोआप लेयरच्या मध्यभागी येऊन बसलेले असते, ते ओढून नेमके त्या टोकावर ठेवावयाचे. हा मध्यबिंदू हलविण्याचा खटाटोप पुष्कळजण टाळतात, आणि मग कोन जुळला की जागा चुकते, जागा जुळली की कोन चुकल्यासारखा वाटतो, अशा फेऱ्यात सापडतात. फाळाच्या टोकाशी खीळ ठोकली, की तेवढा बिंदू अढळ राहतो आणि उरलेला सारा कागद त्याच्याभोवती वळतो. जुळवावयाचा राहतो तो केवळ कोन.

तो कोन डोळ्याने ठरवू नये, मोजावा. मोजणीच्या हत्याराने शिरोरेषेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रेघ ओढली, की तिचा कोन खालच्या पट्टीत उमटतो. या महजरात २४०० पिक्सेल लांबीच्या ओळीचे उजवे टोक ५८ पिक्सेल खाली आले होते, म्हणजे कल सुमारे १.३८ अंशांचा. एक दशांश अंशाची तफावत क्षुल्लक वाटते, पण इतक्या लांबीवर तिचे चार पिक्सेल होतात, आणि मोडीतल्या बारीक वळणाची जाडी छायाचित्रात कित्येकदा त्याहूनही कमी असते.

इतका काटेकोरपणा कशासाठी, याचे कारण पडद्यामागे जे घडते त्यात आहे. छायाचित्र म्हणजे चौकोनी घरांचा पट, आणि पट स्वतः कधी वळत नाही. संगणक नव्या पटावरील घर न् घर घेऊन, येथे येणारा रंग जुन्या पटावर कोठे होता, याचा हिशेब करतो; उत्तर बहुधा चार घरांच्या मधल्या एखाद्या बिंदूचे येते, आणि मग त्या चौघांचे रंग अंतराच्या प्रमाणात मिसळून नवा रंग ठरवावा लागतो. क्यूबिक पद्धत निवडली तर आसपासच्या सोळा घरांची साक्ष काढली जाते आणि रेघ अधिक सुबक उतरते; कोणतीच मिसळ नको म्हटले तर सर्वांत जवळच्या घराचा रंग तसाच उचलला जातो आणि बोरूच्या गोलाईला पायऱ्या पडतात. काटकोनात फिरविताना मात्र प्रत्येक घर नेमके दुसऱ्या घरावर बसते, त्यामुळे काहीही झिजत नाही. इतर प्रत्येक कोनात शाईच्या कडेचा काळेपणा शेजारच्या पिवळ्या कागदात थोडा ओघळतो. एक अंश फिरविले, कमी वाटले म्हणून त्यावर आणखी अर्धा फिरविले, जास्त झाले म्हणून पाव मागे घेतले, तर तीन वेळा मिसळ होऊन अक्षराची गाठ पुसट होते. फोटोशॉपच्या स्मार्ट ऑब्जेक्टची, जी सोय २००५ साली आली, थोरवी हीच, की तो मूळ प्रत बाळगून ठेवतो आणि दर वेळी तिच्यावरूनच नव्याने हिशेब करतो. इतरत्र ही शिस्त आपण पाळावयाची: कोन नापसंत ठरला तर केलेले रद्द करून मूळ प्रतीवर यावे आणि नवा आकडा एकदाच द्यावा.

फिरविल्यावर लेयरच्या कोपऱ्यांचे काय करावे, हा तपशीलही पाहून घ्यावा. ४००० बाय ३००० पिक्सेलचा लेयर दोन अंश वळला, की त्याला सामावण्यास सुमारे ४१०२ बाय ३१३८ चा चौकोन लागतो. हत्याराच्या पर्यायांत ‘क्लिप’ निवडले असेल तर जुनी हद्द कायम राहून बाहेर गेलेले कोपरे छाटले जातात, आणि समासात कोणी लिहिलेली एखादी टीप त्यांत गेली तर कळणारही नाही. त्याऐवजी ‘ॲडजस्ट’ ठेवावे.

माझ्या मते याहून महत्त्वाचा प्रश्न किती फिरवावे, हा आहे. काही कारकुनांची ओळच उजवीकडे चढत जाते. तो त्यांच्या हाताचा गुण. अशी ओळ आडव्या मार्गदर्शक रेषेला जुळविण्याच्या हौसेने सबंध कागद वाकडा करून ठेवलेला मी पाहिला आहे, आणि तो मला कागदपत्रात केलेल्या फेरफाराइतकाच आक्षेपार्ह वाटतो. कॅमेऱ्याचा कल तेवढा आपण दूर करावा, लिहिणाऱ्याचा नव्हे. दोहोंतला भेद ठरविण्यास शिरोरेषेची साक्ष एकटी पुरत नाही; कागदाची कड आणि घडीची खूण तपासावी. कड, घडी व ओळी तिन्ही एकाच कोनात कलल्या असतील तर दोष छायाचित्राचा. कड सरळ असून ओळ चढत असेल तर तिला हात लावू नये. वरच्या ओळीचा कोन एक आणि खालचीचा दुसरा, शिवाय दोन्ही बाजूंच्या कडाही एकमेकींकडे झुकलेल्या, असे आढळले तर कॅमेरा कागदाला समांतर नव्हता असे समजावे. तेथे फिरविणे व्यर्थ, पर्स्पेक्टिव्हचे हत्यार घ्यावे लागते.

मूळ छायाचित्राचा लेयर मी सर्वांत खाली, डोळ्याचे चिन्ह बंद करून राखतो, आणि फिरविलेल्या लेयरच्या नावातच कोन नोंदवितो: ‘भाग २, उणे १.३८’. गिम्पमध्ये उणे म्हणजे घड्याळाच्या उलट दिशेने. फाईल गिम्पच्या एक्ससीएफ स्वरूपात ठेवली तर हे सर्व लेयर शाबूत राहतात; जेपेगची नक्कल वाचणाऱ्यांना द्यावयाला वेगळी काढावी. पुढे एखाद्या अक्षराविषयी कोणास संशय आला, तर त्याने खालचा लेयर उघडून न फिरविलेले अक्षर स्वतः ताडून पाहावे.