काठीजोगते रीळ

नवी काठी घेताना माणूस हाताचा, डोळ्याचा आणि खिशाचा सल्ला घेतो आणि बहुतेक वेळा तो फसत नाही, कारण काठीचे गुणदोष तिच्या अंगावरच उघडे असतात. रिळाचे मात्र ते आवरणाच्या आत झाकलेले राहतात. दुकानात मूठ गरगर फिरवून पाहिली, ती आवाज न करता फिरली, आणि ‘साहेब, आत दहा बेअरिंग आहेत’ अशी दुकानदाराने ग्वाही दिली, की गिऱ्हाईक राजी होते. वस्तुतः भाररहित अवस्थेत सामान्य प्रतीचे रीळही गुळगुळीतच फिरते. त्याची खरी लायकी, पलीकडल्या टोकाला बळाचा मासा लागून तो दोरी ओढून नेऊ लागला म्हणजे कळते. दोरी गुंडाळणे हे रिळाचे किरकोळ काम असून ती हिशेबाने सोडणे हे त्याचे मुख्य काम आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

या यंत्राची वंशावळ चाळली तर तीत धीवरांपेक्षा घड्याळजींचा आणि गिरणीमालकांचाच भरणा अधिक आढळतो. चिनी चित्रकार मा युआन याच्या ११९५ च्या सुमाराच्या एका चित्रात होडीतल्या एकाकी इसमाच्या काठीला दोरीचे चाक लावलेले दिसते. परंतु ते केवळ चाक. मुठीच्या एका फेऱ्यात पिंप अनेक वेळा फिरावे अशी दातेरी चक्रांची तजवीज अमेरिकेतील केंटकी प्रांतात जॉर्ज स्नायडर नावाच्या घड्याळजीने १८२० च्या सुमारास उत्तम रीतीने साधली. तिचा दोष असा, की आमिष फेकताना पिंपही वेगाने फिरू लागते आणि दोरी जाण्याच्या वेगापेक्षा त्याचा वेग वाढला, की क्षणार्धात असा गुंता होतो, की तो सोडवण्यात सकाळ खर्ची पडावी. स्कॉटलंडमधील पर्थच्या मॅलॉकने १८८४ साली फेकीपुरते पिंप आडवे वळवण्याची युक्ती काढली. आणि पुढे १९०५ साली लोकरीच्या गिरण्यांचे शहर असलेल्या ब्रॅडफर्डच्या आल्फ्रेड इलिंगवर्थने, मागातल्या बॉबिनच्या टोकावरून सूत निसटते त्याप्रमाणे दोरी निसटू देणारे, स्पूल स्थिर ठेवून भोवतालच्या फिरकीने दोरी गुंडाळणारे रीळ पेटंट केले. आज आपल्या खाडीकाठी दिसणारी बहुसंख्य रिळे याच कुळातली. फ्रान्समधील क्लूझ या घड्याळांच्या गावी १९४० च्या दशकाअखेर निघालेले ‘मिचेल’ त्याच कुळाचे. स्वीडनमधील ‘आबू’ने १९५२ साली काढलेले ‘अँबॅसेडर ५०००’ स्नायडरच्या बाजूचे. १९२१ साली घड्याळांसाठी स्थापन झालेली ही ‘आबू’ पुढे टॅक्सीमीटर करू लागली आणि महायुद्धात ती मागणी बसल्यावर रिळांकडे वळली. त्याच १९२१ साली जपानच्या साकाई शहरात सायकलचे फ्रीव्हील घडवणारा शिमानोचा कारखाना निघाला. तो १९७० साली या धंद्यात शिरला, आणि पुढचा इतिहास बाजारात दिसतोच आहे.

निवडीचा पहिला निकाल काठीच देते. स्थिर स्पूलवरून दोरी वेटोळ्यांनी सुटते, म्हणून अशा रिळाच्या काठीची मुठीजवळची पहिली कडी मोठी असते आणि रीळ खाली लोंबते. ज्या काठीच्या कड्या लहान, वरच्या अंगाला आणि पकडीला बोट अडकवण्याचा आकडा, ती फिरत्या पिंपाची. या दोहोंची अदलाबदल करू नये. आता समजा, आठ फुटी काठीवर १५ ते ४० ग्रॅम आणि १० ते २० पौंड असे आकडे छापले आहेत: पहिल्या जोडीने आमिषाचे वजन ठरते, दुसरीने दोरीची ताकद. अशा काठीला २० पौंडांची विणलेली दोरी दीडशे-दोनशे मीटर मावेल एवढे स्पूल पुरते. बाजारात या मापास बहुधा ४००० हा क्रमांक लावतात. तथापि हा क्रमांक ज्या त्या कारखान्याने आपल्या मर्जीने नेमलेला असल्यामुळे एकाचे ४००० आणि दुसऱ्याचे ३००० कधीकधी बरोबरीचे भरतात, यास्तव स्पूलच्या काठावर नमूद केलेला जाडी-लांबीचा तपशीलच प्रमाण मानावा. रीळ चढवून, दोरी भरून, काठी रिळाच्या पायाच्या किंचित पुढे एका बोटावर तोलून पाहावी. टोक खाली झुकले तर संध्याकाळपर्यंत मनगट भरून येते.

मुठीच्या फेऱ्याचे प्रमाण ६.२ असेल आणि भरलेल्या स्पूलचा व्यास ४७ मिलिमीटर असेल, तर एका फेऱ्यात सुमारे ९२ सेंटिमीटर दोरी आत येते. प्रमाण ५ असल्यास सुमारे ७४. वेगाची हौस सर्वांनाच असते, पण जड आमिष ओढताना संथ प्रमाणच हाताला सोसते.

आता मुख्य मुद्दा, ड्रॅगचा. मासा ओढू लागला, की स्पूल आपल्या आसावर घसरून दोरी देते, आणि ही घसरण किती जोरावर सुरू व्हावी हे स्पूलवरच्या गुंडीने आवळलेल्या चकत्या ठरवतात. दोरीच्या तुटीच्या भाराचा चौथा ते तिसरा हिस्सा, म्हणजे वीस पौंडांच्या दोरीला दोन ते तीन किलो, हा सर्वसाधारण दंडक. परीक्षा सोपी आहे. दोरी कड्यांतून ओवून टोक स्प्रिंग-काट्याला बांधावे, सोबत्याला काटा धरायला लावावा आणि काठी वाकवीत हळूहळू मागे सरावे. चांगल्या रिळाची सुई दोन किलोवर चढून, स्पूल घसरू लागल्यावरही तिथेच किंचित थरथरत राहते. वाईट रिळाची सुई तीनपर्यंत जाते, हिसका बसतो, मग ती दीडवर कोसळते आणि पुन्हा चढते. तांबोशी आमिष घेताच कांदळवनाच्या मुळांत घुसते. तिच्या त्या पहिल्याच धडकेत हा तीन किलोचा हिसका दोरीच्या गाठीवर येतो. शिवाय, स्पूल रिते होत जाते तसा ड्रॅग आपोआप आवळत जातो, कारण चकत्यांचा विरोध तोच राहून दोरीच्या वेढ्याची त्रिज्या घटते: ती दोन-तृतीयांशावर आली, की दोन किलोचे तीन किलो होतात. लांब धावणाऱ्या रावसासाठी रुंद स्पूल घ्यावे, ते याचसाठी. विणलेली दोरी उघड्या धातूवर सरकते, आणि सबंध गुंडाळा स्पूलवर फिरू लागला, की ड्रॅगच बिघडला असा समज होतो; म्हणून तळाशी तंगुसाचे काही वेढे आधी घालावेत आणि वरचा काठ दोनेक मिलिमीटर मोकळा ठेवावा.

बेअरिंगांच्या संख्येवर जाणारे पैसे चकत्यांच्या दर्जावर आणि दोरी वळवणाऱ्या बारीक रुळावर खर्चावेत. तो रूळ मिठाने अडकला, की दोरी त्याच्यावर घासून झिजते. सुटे भाग ज्याचे मिळतात तेच रीळ घ्यावे. तारेच्या कमानीची एवढीशी स्प्रिंग न मिळाल्यामुळे सुस्थितीतली रिळे माळ्यावर पडतात. खाऱ्या पाण्यावरून आल्यावर गुंडी आवळून गोड्या पाण्याने रीळ हलक्या हाताने धुवावे. नळाची जोरदार धार मारली तर मीठ आतच ढकलले जाते. पुसून वाळल्यावर गुंडी सैल करून ठेवावी, म्हणजे चकत्या दबून बसत नाहीत, आणि पुढच्या खेपेस निघण्यापूर्वी काट्याला लावून ती नव्याने जुळवावी.