पाणचक्की : धान्य, पाणी आणि श्रम

बिअरचे कारखाने म्हटले की आता आपल्या शहराचे नाव सहज निघते. धान्य आणि पाणी यांवर चालणारा उद्योग येथे नवा नाही. खाम नदीच्या काठी, महमूद दरवाज्याजवळ, बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यात त्याचा पूर्वज उभा आहे. लोक तिथे सहलीला जातात, हौदातले मासे पाहतात आणि परततात. मी मात्र पाणचक्कीकडे कारखाना म्हणूनच पाहतो.

मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी वसवली आणि डोंगरातील पाणी जमिनीखालच्या नहरीने गावात आणले. ती विद्या पुढे इथेच रुजली. बाबा शाह मुसाफिर हे बुखाऱ्याजवळच्या गिजदुवानचे, नक्शबंदी पंथाचे. त्यांच्या तकियावर फकीर, यात्रेकरू, वाटसरू यांची वर्दळ असे. इतक्या माणसांना रोज पीठ लागणार. सतराव्या शतकाच्या अखेरीपासून अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत इथले बांधकाम टप्प्याटप्प्याने वाढत गेले.

पाणी येते उत्तरेकडून, हर्सूलच्या बाजूने, मातीच्या नळांतून. वाटेत ठिकठिकाणी उंच मनोरे आहेत. त्यांना इथे बंबे म्हणतात. नळातली कोंडलेली हवा त्यांतून निघून जाते आणि दाब सांभाळला जातो. बंद नळातले पाणी उगमाच्या पातळीपर्यंत चढू पाहते, एवढ्या एका नियमावर सारी रचना उभी आहे. शेवटी ते एका उंच भिंतीत चढते आणि तिथून खाली कोसळते. या उंचीतच चक्कीचे बळ साठवलेले आहे. कोसळणारे पाणी खालच्या आडव्या चाकाच्या पात्यांवर आदळते, चाकाचा उभा दांडा वर जात्यापर्यंत जातो आणि वरची तळी फिरू लागते. खालची तळी स्थिर. दातेरी चाके नाहीत, पट्टे नाहीत. म्हणून बिघडण्यासारखेही फार थोडे. तळ्या गुळगुळीत झाल्या की टाकी लावायची, झाले.

चक्की फिरवून पाण्याचे काम संपत नाही. सुमारे १६४ फूट लांब आणि ३१ फूट रुंद हौद आहे, त्यात कारंजी आहेत आणि जादा पाणी खाम नदीला मिळते. गंमत अशी की या हौदाचा तळ हेच खालच्या प्रशस्त दालनाचे छत आहे. जाडजूड खांबांच्या रांगांनी हा भार पेलला आहे. डोक्यावर पाणी असल्यामुळे उन्हाळ्यातही तिथे गारवा राहतो. पीठ, गारवा, वजू, बाग, सारे एकाच पाण्यावर! पाणी वापरले, पण संपवले नाही.

बिअरच्या कारखान्याला हे साधत नाही. तिथे पाणी हाच माल. म्हणून एप्रिल २०१६ मध्ये दुष्काळात उच्च न्यायालयाच्या येथील खंडपीठाने मद्यनिर्मिती उद्योगाचे पाणी टप्प्याटप्प्याने ६० टक्क्यांपर्यंत कापण्याचा आदेश दिला. पिण्याचे पाणी आधी, यात वाद नाही. पण पाणी घटले की पाळ्या घटतात आणि त्याचा पहिला फटका कंत्राटी कामगाराला बसतो, हेही तितकेच खरे. पाण्याचा हिशेब मांडताना त्याच्या मजुरीची ओळ त्यात लिहायला हवी.

पहाटे उठून जात्यावर बसणाऱ्या बायांचे कष्ट ज्यांनी पाहिले, त्यांना पाण्याने फिरणाऱ्या तळीचे मोल वेगळे सांगायला नको. पण ती तळी फुकट फिरत नव्हती. नळांत गाळ साचतो, झाडांची मुळे शिरतात, खापर फुटते. कोणीतरी खाली उतरून ते साफ करावेच लागे. बांधकामाला पैसा देणाऱ्या सरदारांची नावे सांगितली जातात. या माणसांची नाहीत. पुढे वस्ती वाढली, नहरीच्या वाटेवर घरे उठली, आणि खाली उतरायच्या जागाच बुजत गेल्या. नहर दुरुस्त करायची तर आधी त्या उघडाव्या लागतील. हौदाला रंग देऊन पाणी येणार नाही.