जामीन झाला, जामीनदार कुठून आणायचा?

मोफत कायदेशीर मदतीवर लिहायला संपादकांनी सांगितलं. तिचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. 1976 च्या घटनादुरुस्तीने कलम 39-अ आलं, 1987 साली विधी सेवा प्राधिकरण कायदा झाला आणि 9 नोव्हेंबर 1995 पासून तो अमलात आला. कोठडीतल्या कुणालाही मोफत वकील मिळतो, त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही.

माझं लक्ष खिळलं ते त्यापुढच्या पायरीवर. वकील उभा राहतो, जामीन मंजूर होतो आणि माणूस बराकीतच राहतो. कारण आदेशात बहुधा एक ओळ असते: अमुक रकमेचा जातमुचलका आणि तेवढ्याच रकमेचा जामीनदार. जामीनदार म्हणजे रेशन कार्ड, घरपट्टीची पावती, सातबारा नाहीतर पगाराचा कागद घेऊन कोर्टात उभा राहणारा माणूस. कधी तहसीलदाराचा ऐपतीचा दाखलाही लागतो. मजूर नाक्यावर उभ्या राहणाऱ्या, फुटपाथवर झोपणाऱ्या बिगाऱ्याच्या गोतावळ्यात असा कोण असणार?

हे दुखणं जुनं आहे. मध्य प्रदेशातल्या मोतीराम नावाच्या गवंड्याला 10,000 रुपयांचा जामीनदार मागितला गेला. भाऊ पुढे आला, तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून नकार. 1978 साली सर्वोच्च न्यायालयाचे न्या. कृष्ण अय्यर यांनी त्याला 1,000 रुपयांच्या जातमुचलक्यावर सोडायला सांगितलं. तरी 31 जानेवारी 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा सुचवावं लागलं, की स्थानिक जामीनदाराचा आग्रह धरू नका. जामीन होऊन सात दिवसांत बंदी सुटला नाही, तर तुरुंग अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवाला कळवायचं, हेही त्याच आदेशात आहे.

असं कळवल्यानंतर कुणाला तरी पायपीट करावी लागते. मला आदर वाटतो तो या कुणीतरीचा. तुरुंगातल्या विधी सहाय्य केंद्रात पॅरा लीगल व्हॉलंटियर बसतो. पुष्कळदा तो स्वतः शिक्षा भोगणारा, प्रशिक्षण घेतलेला बंदी असतो. न्यायाधीन बंद्याला तो विचारतो: पुढची तारीख कधी, वकील कोण, जामीन झालाय का, घरच्यांना कळलंय का? पुष्कळांना यातलं काहीच माहीत नसतं. तुरुंगाबाहेरची धावपळ दुसऱ्यांची. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ हा प्रकल्प 1990 पासून मुंबईत हे काम करतोय. गावचा पत्ता शोधायचा, कुटुंबाशी संपर्क साधायचा, कागद जमवायचे. काळ्या कोटात बसणारं हे काम नाही, पण याच्याशिवाय वकिलाची मेहनत फुकट जाते.

2023 साली केंद्र सरकारने गरीब बंद्यांसाठी योजना आणली. त्या वर्षीच्या नियमांनुसार जिल्ह्यातली समिती जामिनासाठी एका बंद्यामागे 40,000 रुपयांपर्यंत मंजूर करू शकत होती. पण तिथेही यादी तुरुंगातून वेळेवर निघावी लागते, चौकशी व्हावी लागते, समिती बसावी लागते. अमली पदार्थ किंवा यूएपीए कायद्याखालचे बंदी योजनेबाहेरच. आणि पैसे मिळाले तरी सरकार जामीनदार होऊन कोर्टात उभं राहत नाही. जामीनदाराऐवजी रोख रक्कम भरू द्या किंवा अट सैल करा, असा अर्ज पुन्हा वकिलानेच करायचा, आणि त्याला पुन्हा तारीख पडते. महिन्याभरात अट पुरी झाली नाही, तर ती बदलण्याचा विचार न्यायालय आपणहून करू शकतं, असंही 2023 च्या आदेशात म्हटलं आहे. करू शकतं, करायलाच हवं असं नाही. तोवर त्या बंद्याचं नाव विधी सहाय्य केंद्राच्या वहीत तसंच राहतं आणि व्हॉलंटियर त्याच्या गावचा फोन पुन्हा लावून पाहतो.