तीन हिरवे दिवे

गेल्या महिन्यात एका संध्याकाळी आमच्याकडे दूध उतू गेलं. तसं ते अधूनमधून जातंच, पण त्या दिवशी मी चक्क शेगडीसमोर उभी होते! नव्या शेगडीचे चार बर्नर चौकोनात आहेत आणि चार बटणं एका ओळीत. दुधाखालचा गॅस बंद करायला गेले आणि विझली ती भाजीखालची आच. हॉलमधून आवाज आला, "लक्ष कुठे असतं तुझं?" सवयीनं मी "चुकलंच" म्हटलं आणि ओटा पुसायला घेतला.

त्याच रात्री भाचीचा फोन आला. ती विमान चालवायला शिकतेय. एरवी फोनवर नुसता चिवचिवाट असतो, त्या दिवशी आवाज बसलेला. "मावशी, आईला सांगू नकोस हं," इथूनच सुरुवात झाली.

इतके दिवस ती ज्या छोट्या विमानावर शिकली त्याची चाकं कायम खालीच असायची, आपल्या स्कूटरसारखी. आता दोन इंजिनांचं विमान हाती आलंय. त्याची चाकं उड्डाणानंतर पोटात घ्यायची असतात, म्हणजे हवेचा अडथळा कमी होतो आणि वेग वाढतो. उतरण्याआधी ती आठवणीनं बाहेर काढायची. तिन्ही चाकं नीट अडकली की समोर तीन हिरवे दिवे लागतात.

त्या दिवशी ती नेमकी चाकं काढायच्या बेतात असताना टॉवरनं सांगितलं, पुढे दुसरं विमान आहे, एक चक्कर मारून या. तिनं चक्कर मारली, परत धावपट्टीच्या रेषेत आली, बाकी सगळं व्यवस्थित केलं. जमीन पाचशे फुटांवर असताना शेजारी बसलेल्या सरांनी शांतपणे विचारलं, "किती हिरवे?"

एकही नव्हता.

लगेच ताकद वाढवून विमान पुन्हा वर घेतलं, दुसऱ्या खेपेला नीट उतरवलं. "अगं, पण अशा वेळी भोंगा वाजतो ना?" मी विचारलं. कुठेतरी वाचलेलं होतं. "इंजिनाची ताकद बरीच कमी केली की वाजतो. मी अजून तेवढी कमी केलीच नव्हती," ती म्हणाली. शिवाय भोंगा कानाशी वाजत असतानाही चाकांविना उतरलेले वैमानिक आहेत म्हणे. डोकं दुसऱ्या कामात गुंतलं की कान बंद होतात. कुकरच्या शिट्ट्या मोजणाऱ्या बायकांना हे वेगळं सांगायला नकोच.

छोटं विमान असं पोटावर उतरलं तर माणसं बहुतेक वेळा आपल्या पायांनी चालत बाहेर येतात. पण पंख्याची पाती वाकतात, इंजिन उघडून तपासावं लागतं, खर्च काही विचारू नका. तिला मात्र खर्चापेक्षा जास्त लागली ती बॅचमधल्या एका मुलाची कॉमेंट. "पोरींचं लक्षच नसतं." ती म्हणाली, "मावशी, मला नाही वाटत हे जमेल. बाबांनी कर्ज काढलंय गं." त्यावर मला काय बोलावं सुचेना. मग रात्री जागून वाचत बसले.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची बी-१७ नावाची अवजड बाँबफेकी विमानं होती. ती सुखरूप उतरायची आणि जमिनीवर धावत असतानाच वैमानिक चाकं मिटून टाकायचे! विमान धाडकन पोटावर. एकदा नाही, अनेकदा. युद्धावर निघालेले तयारीचे पुरुष वैमानिक हे. अहवालात शेरा ठरलेला, वैमानिकाची चूक. राइट फील्ड इथल्या हवाई दलाच्या प्रयोगशाळेत आल्फॉन्स चापानिस नावाचा तरुण मानसशास्त्रज्ञ होता. त्यानं माणसांना बोल लावण्याआधी कॉकपिटमध्ये जाऊन पाहिलं. चाकांचा खटका आणि फ्लॅपचा खटका शेजारी शेजारी, दिसायला सारखे, हाताला सारखे. (फ्लॅप म्हणजे पंखांच्या मागच्या कडेचे झडपांसारखे भाग. कमी वेगात विमान तोलून धरायला ते खाली करतात, उतरल्यावर वर घेतात.) दमलेला हात फ्लॅपकडे जायचा आणि चाकांवर पडायचा. डाकोटा विमानात हे दोन खटके निराळे होते, तिथे ही चूक जवळजवळ होतच नव्हती.

चापानिसनं काय करावं? चाकांच्या खटक्यावर छोटंसं रबरी चाक बसवलं आणि फ्लॅपच्या खटक्यावर पाचरीसारखा तुकडा. न बघताही हाताला कळावं म्हणून. चुका थांबल्या! आजही विमानात चाकांच्या दांडीचं टोक चाकाच्याच आकाराचं असतं.

पुढे १९४७ साली पॉल फिट्स आणि रिचर्ड जोन्स यांनी वैमानिकांच्या अशा ४६० चुका गोळा करून तपासल्या. त्यातल्या जवळपास निम्म्या एक कळ समजून दुसरी दाबल्याच्या होत्या. तरी शहाणपण सगळीकडे पोचलं नाहीच. बोनान्झा नावाच्या छोट्या विमानात वर्षानुवर्षं चाकांची आणि फ्लॅपची बटणं इतर विमानांच्या नेमकी उलट बाजूंना होती. त्यावर अमेरिकेच्या अपघात तपास मंडळाला १९८० मध्ये खास अहवाल काढावा लागला. तेव्हाही घरोघरी आणि हँगरोहँगरी "लक्ष कुठे होतं?" हेच विचारलं जात असणार.

आणि गंमत पुढेच आहे. याच चापानिसनं १९५९ मध्ये एका सहकाऱ्याबरोबर चक्क गॅसच्या शेगडीवर प्रयोग केला. चार बर्नर, चार बटणं, चार वेगवेगळ्या रचना. मागचे बर्नर थोडे बाजूला सरकवून डावीकडून उजवीकडचा क्रम बटणांशी जुळवला, त्या रचनेत एकही चूक झाली नाही. चौकोनी मांडणीत मात्र लोक चुकतच राहिले. माझ्या ओट्यावर तीच चौकोनी मांडणी आहे!

दुसऱ्या दिवशी भाचीला हे सगळं फोनवर सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पण मावशी, माझा खटका चुकला नव्हता. मी विसरले." पोरगी खरं बोलते. तिच्याकडे चाकाच्या आकाराची दांडी होती, भोंगा होता, दिवे होते. रोजचा क्रम मोडला, तेवढ्यानं हातातलं काम निसटलं. उंबऱ्यात असताना फोन वाजला की किल्ली आतच राहते, तसंच. त्यावर तिच्या सरांनी उपाय दिलाय. कुणी मध्ये बोललं, चक्कर मारायला लावली, की यादी पहिल्यापासून म्हणायची. इंधन, चाकं, मिश्रण, पंखा, पट्टे. आणि जमिनीजवळ आल्यावर बोट दाखवून मोठ्यानं, "तीन हिरवे." शेजारी कुणी नसलं तरी. ती आधी लाजत होती. सरांचे केस पिकलेत, तरी तेही मोठ्यानं म्हणतात, हे पाहिल्यावर लाजणं थांबलं.

तिनं शिक्षण सोडलेलं नाही. गेल्या शनिवारी तिचा मेसेज आला, फक्त दोन शब्दांचा. "तीन हिरवे."

मी शेगडीच्या बटणांवर नेलपॉलिशचे ठिपके दिलेत, पुढच्या दोघांना लाल, मागच्या दोघांना गुलाबी, आणि तेच ठिपके बर्नरसमोरच्या पट्टीवर. "हे काय नवीन?" हॉलमधून विचारणा झाली.

"बी-१७," म्हटलं, आणि दूध वेळेवर बंद केलं.