गर्भहृदयाची त्रिमिती प्रतिमा आणि मराठी परिभाषा

हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांस अलिंद व खालच्या दोहोंस निलय म्हणतात. संस्कृतात अलिंद म्हणजे दारापुढील ओसरी व निलय म्हणजे निवासस्थान. नावे अन्वर्थक आहेत. परंतु त्यांस लावलेली ‘उजवे-डावे’ ही विशेषणे मात्र फसवी आहेत. उजवे निलय वस्तुतः छातीच्या पुढील भिंतीलगत असते, तर डावे अलिंद सर्वांत मागे, कण्याच्या बाजूस. शिवाय ही उजवी-डावी बाजू गर्भाची, पाहणाऱ्याची नव्हे. म्हणून सोनोग्राफीच्या सपाट छेदावरून या रचनेचे आकलन होणे कठीण जाते.

त्रिमिती पद्धतीत श्राव्यातीत ध्वनीचा झोत हृदयावरून साधारणतः साडेसात ते पंधरा सेकंद संथपणे फिरवून अनेक छेद घेतात. गर्भाचे हृदय मिनिटास ११० ते १६० वेळा स्पंदते. १४० ही गती धरल्यास दहा सेकंदांत सुमारे २३ ठोके पडतात. अर्थात लगतचे छेद ठोक्याच्या भिन्न अवस्थांतील असतात. संगणक त्या प्रतिमांतूनच ठोक्याचा ताल शोधतो आणि समान अवस्थेतील छेद एकत्र जुळवितो. अशा रीतीने एका पूर्ण ठोक्याची, कोणत्याही दिशेने छेदून पाहता येईल अशी प्रतिकृती सिद्ध होते. मधेच गर्भ हालल्यास ती विकृत होते.

या प्रतिकृतीत दोन अलिंदांमधील पडद्यात एक रंध्र दिसते. गर्भाची फुप्फुसे श्वसन करीत नसल्यामुळे वारेकडून आलेले शुद्ध रक्त त्या वाटेने डावीकडे जाते; जन्मानंतर ती वाट सामान्यतः बंद होते. उलटपक्षी, दोन निलयांमधील पडद्यास पडलेले छिद्र हा दोष होय. व्यवहारात मात्र दोहोंस ‘हृदयाला भोक’ असेच म्हटले जाते, आणि ते शब्द ऐकणाऱ्या मातेस निसर्गाची योजना व व्यंग यांतील भेद कळत नाही.

हा भेद केवळ शाब्दिक नव्हे. हृदयातून निघणाऱ्या दोन महारोहिण्यांची अदलाबदल झाली असल्यास बालकास जन्मतःच उपचार लागतात. ते आधी कळल्यास प्रसूती योग्य ठिकाणी योजता येते. परळला नौरोसजी वाडिया प्रसूतिगृह १९२६ साली व बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालय १९२९ साली, एकमेकांच्या शेजारी स्थापन झाले. माता व बालक यांची व्यवस्था एकत्र असावी, ही दृष्टी त्यामागे दिसते. परंतु तशी योजना मातेच्या संमतीने व्हावयाची, तर तिला निदान नेमके समजले पाहिजे. यास्तव नैसर्गिक रंध्रास ‘द्वार’ व दोषास ‘छिद्र’ म्हणावे, आणि ‘उजवे’ म्हणताना ते पुढे आहे की मागे हेही सांगावे, असे सुचवावेसे वाटते.