देशाचे नाव आणि देशाचे लोक

भगवान बुद्ध भारतीय की नेपाळी, हा प्रश्न धम्मवर्गात आम्हांस वरचेवर विचारला जातो. विचारणाराच्या स्वरात पुष्कळदा थोडा आवेशही असतो. अशा वेळी आम्ही प्रथम लुंबिनीच्या स्तंभाकडे बोट दाखवितो. राज्याभिषेकास वीस वर्षे झाल्यावर सम्राट अशोक स्वतः तेथे आले, शाक्यमुनी बुद्ध येथे जन्मले म्हणून त्यांनी शिलास्तंभ उभारला आणि लुंबिनी गावास करात सवलत दिली. इ. स. १८९६ मध्ये उजेडात आलेल्या त्या लेखात गावाचे नाव आहे. देशाचे नाव नाही.

खुद्द सिद्धार्थांनी या प्रश्नास दिलेले उत्तर सुत्तनिपातातील पब्बज्जासुत्तात आहे. राजगृही राजा बिंबिसाराने त्यांचे कूळ विचारले, तेव्हा हिमालयाच्या कुशीतील, कोसलात राहणाऱ्या लोकांचा त्यांनी उल्लेख केला. गोत्र आदित्य व जात शाक्य असे सांगितले. भारत व नेपाळ या दोन राज्यांमधील सीमा तर १८१६ च्या सुगौली तहाने आणि त्यानंतरच्या फेरफारांनी आखली गेली. पंचवीस शतकांपूर्वीच्या पुरुषाला आजचे पारपत्र देण्याचा हा खटाटोप आम्हांस व्यर्थ वाटतो.

परंतु त्या उत्तरात पाली भाषेची एक खूण दडलेली आहे आणि ती मोलाची आहे. कोसलाचा उल्लेख तेथे 'कोसलेसु' असा येतो. सुत्तांमध्ये भगवंत 'मगधेसु', 'सक्केसु', 'कुरूसु' विहार करीत असतात. ही सारी रूपे अनेकवचनी आहेत. शब्दशः अर्थ 'कोसल लोकांमध्ये', 'शाक्य लोकांमध्ये' असा. म्हणजे भूमीला स्वतःचे वेगळे नाव नव्हते. लोकांचे नाव तेच भूमीचे नाव. गोदावरीकाठचा अस्सक जनपदही याच रीतीने ओळखला गेला.

मग हे लोक कोण? आचार्य बुद्धघोषांनी आपल्या अट्ठकथेत याचे स्पष्टीकरण दिले आहे. कोसल म्हणजे त्या जनपदाचे राजकुमार. त्यांचे निवासस्थान एकच असले तरी रूढीने त्यालाही अनेकवचनी 'कोसला' म्हणतात. वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. देशाला नाव मिळाले ते राजकुळाचे. शेत नांगरणारे, पाणी वाहणारे, ज्यांना पाली ग्रंथ 'दास-कम्मकर' म्हणतात ते, त्याच भूमीवर राबत होते. परंतु सोळा महाजनपदांच्या यादीत त्यांच्या नावाचा एकही देश नाही.

साऱ्या भूभागासाठी बौद्ध वाङ्मयात नाव आहे ते जंबुदीप. जांभळीच्या झाडावरून आलेले हे नाव कोणत्याही कुळाचे नाही, हा त्याचा विशेष. अशोकांच्या लघु शिलालेखात ते येते. तेच सम्राट बैराट येथील लेखात भिक्षुसंघास अभिवादन करताना स्वतःला मगधाचा राजा म्हणवितात, आणि अन्य लेखांत आपल्या राज्याला नुसते 'विजित' म्हणतात. एकाच राज्यकर्त्याजवळ तीन शब्द होते, आणि कोणता वापरावा याची त्याला अडचण पडलेली दिसत नाही.

'भारत' हे नाव ऋग्वेदातील भरत नामक जनसमूहाकडे जाते. ओरिसातील हाथीगुंफा येथे कलिंगाधिपती खारवेल यांच्या लेखात 'भरधवस' असा शब्द आहे. पण तेथे खारवेल भारतवर्षावर स्वारी करतात! कलिंग त्या भारतवर्षात मोडत नव्हता, असाच त्याचा अर्थ होतो. 'हिंदू' व 'इंडिया' ही तर बाहेरच्यांनी दिलेली नावे. इराणचा सम्राट दरायस (इ. स. पू. ५२२–४८६) याच्या लेखांत सिंधूकाठचा प्रांत 'हिंदुश' म्हणून येतो, त्यात धर्माचा गंधही नव्हता. पुढे ग्रीकांच्या मुखातून 'इंडिया' झाले. सातव्या शतकात आपल्याकडे आलेले, महाराष्ट्रही पाहून गेलेले चिनी भिक्षू ह्युएनत्संग यांनी 'यिंदू' हेच नाव योग्य ठरविले आणि त्याचा संबंध चंद्राशी जोडला. मात्र येथील माणसे आपापल्या प्रदेशाचेच नाव सांगतात, हेही त्यांनी प्रामाणिकपणे नोंदविले आहे.

हा सारा वारसा संविधान सभेपुढे होता. १७ सप्टेंबर १९४९ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पहिल्या अनुच्छेदात 'इंडिया, अर्थात भारत' ही शब्दयोजना मांडली. दुसऱ्या दिवशी ह. वि. कामत यांनी 'भारत' आधी यावे अशी दुरुस्ती सुचविली व नावाच्या प्राचीन व्युत्पत्तीत ते शिरले. हे सर्व उकरून काढण्याची आवश्यकता आहे काय, असे बाबासाहेबांनी मध्येच विचारले. दुरुस्ती ३८ विरुद्ध ५१ मतांनी फेटाळली गेली. बाबासाहेबांना इतिहासाचे वावडे होते, असे त्यांच्या वाचकांपैकी कोणीही म्हणणार नाही. त्यांची चिंता दुसऱ्या ठिकाणी होती.

ती दोन महिन्यांनी, २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात प्रकट झाली. 'भारताचे लोक' या शब्दांवर काही राजकारणी पूर्वी रुष्ट होत, त्यांना 'भारतीय राष्ट्र' हवे असे, याची आठवण त्यांनी सभेला दिली. हजारो जातींत विभागलेले लोक राष्ट्र कसे असतील, असा त्यांचा सवाल होता. आपण अद्याप सामाजिक व मानसिक अर्थाने राष्ट्र झालेलो नाही, हे जितक्या लवकर उमगेल तितके बरे, असे त्यांनी बजावले.

उद्देशिकेचा प्रारंभ 'आम्ही भारताचे लोक' असाच आहे. कोसलांच्या राजकुमारांसारखे हे अनेकवचन मूठभरांचे नाही; दास-कम्मकरांचे वंशजही त्यात आहेत. आणि डिसेंबर १९४६ मध्ये मांडल्या गेलेल्या ध्येयविषयक ठरावात जो शब्द नव्हता, तो 'बंधुता' हा शब्द बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखालील मसुदा समितीने १९४८ च्या मसुद्यात या उद्देशिकेत घातला.