दिवाणखान्यातील रंगमंच : ज्येष्ठांनी नाटक पाहावे, आणि त्यात भागही घ्यावा

नाट्यगृहाच्या पायऱ्या चढणे ज्यांना आता जमत नाही, अशी माणसे आपल्या घरात किंवा शेजारी असतातच. गुडघे दुखतात, रात्री परतताना सोबत नसते, मध्यंतरात स्वच्छतागृहापर्यंत वेळेत पोहोचू की नाही याची धास्ती असते. मग एकेक प्रयोग सुटत जातो आणि त्याबरोबर नाटकाच्या निमित्ताने भेटणारी माणसेही सुटतात. ‘झोप लागत नाही’, ‘अन्नावर वासना नाही’ अशा तक्रारी घेऊन वयोवृद्ध रुग्ण माझ्याकडे येतात, तेव्हा तपासण्यांच्या जोडीला मी एक प्रश्न हमखास विचारतो : ‘गेल्या आठवड्यात आपण कोणाशी पोटभर बोललात?’ पुष्कळदा उत्तर यायला वेळ लागतो.

हा प्रश्न केवळ आपुलकीचा नाही, वैद्यकीयही आहे. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ आयोगाने 2024 साली स्मृतिभ्रंशाला हातभार लावणारे, पण टाळता किंवा कमी करता येण्याजोगे 14 घटक सांगितले. त्यांत उच्च रक्तदाब आणि मधुमेहाबरोबरच श्रवणदोष, उपचार न केलेला दृष्टिदोष आणि सामाजिक एकाकीपण यांचाही समावेश आहे. 2019 साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये इंग्लंडमधील पन्नाशीपुढील 6,710 व्यक्तींचा 14 वर्षांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. नाटक, संगीत, संग्रहालये यांना दर काही महिन्यांनी जाणाऱ्यांमध्ये मृत्यूचा धोका, कधीच न जाणाऱ्यांच्या तुलनेत 31 टक्क्यांनी कमी आढळला. नाटक पाहिल्याने आयुष्य वाढते, असे यातून सिद्ध होत नाही. ज्यांची प्रकृती मुळात बरी, तेच अधिक बाहेर पडतात, हेही खरे आहे. शिवाय ती माणसे घराबाहेर पडत होती. म्हणून ज्यांना जाता येते त्यांनी नाट्यगृहातच जावे. हा लेख ज्यांना जाता येत नाही त्यांच्यासाठी आणि त्यांची काळजी वाहणाऱ्यांसाठी आहे.

पाहणे वेगळे, सहभागी होणे वेगळे

2020 च्या टाळेबंदीत जगभरची नाट्यगृहे बंद पडली, तेव्हा अनेक संस्थांनी जुन्या प्रयोगांची चित्रणे घरोघरी दाखवली. त्याच काळात ऑक्सफर्डची ‘क्रिएशन थिएटर’ आणि उत्तर आयर्लंडची ‘बिग टेली’ या संस्थांनी शेक्सपिअरचे ‘द टेम्पेस्ट’ झूमवर सादर केले. नट आपापल्या घरी होते आणि प्रेक्षकही. वादळाच्या प्रसंगी प्रेक्षकांनीच चुटक्या वाजवून पावसाचा आवाज केला. 2021 साली रॉयल शेक्सपिअर कंपनीने ‘ड्रीम’ या प्रयोगात प्रेक्षकांना आपापल्या संगणकावरून रंगभूमीच्या अरण्यात काजवे सोडण्याची मुभा दिली.

आपल्याला यात परके वाटावे असे काही नाही. विष्णुदास भावे यांनी 1843 साली सांगलीत ‘सीता स्वयंवर’ केले, तेव्हापासून आपला सूत्रधार प्रेक्षकांशी थेट बोलत आला आहे. संगीत नाटकात ‘वन्स मोअर’चा पुकारा होताच गायक नट तेच पद पुन्हा गात असे. कीर्तनात तर बुवांच्या मागून ‘विठ्ठल विठ्ठल’ म्हणणारे श्रोते कार्यक्रमाचेच अंग असतात. जुनी रीत नव्या पडद्यावर आणायची, एवढेच आपले काम.

घरच्या घरी प्रयोग कसा बांधावा

सुरुवात नाट्यवाचनापासून करावी. पाठांतर नको, वेशभूषा नको. तीन-चार वाचक, एक सूत्रधार आणि आठ-दहा श्रोते पुरेत. याहून अधिक चेहरे एका पडद्यावर मावले तरी ओळखू येत नाहीत.

संहिता निवडताना स्वामित्वहक्काचे भान ठेवावे. आपल्याकडे हा हक्क लेखकाच्या निधनानंतर 60 वर्षे राहतो. गोविंद बल्लाळ देवल आणि राम गणेश गडकरी यांची नाटके त्या मुदतीबाहेर आहेत. अलीकडच्या लेखकांसाठी रीतसर परवानगी घ्यावी.

उदाहरणादाखल देवलांचे ‘शारदा’ घ्या. एक प्रवेश दहा मिनिटे वाचावा आणि ऐन वळणावर थांबावे. सूत्रधाराने श्रोत्यांना विचारावे : ‘हा भद्रेश्वर दीक्षित तुमच्या दारी असे स्थळ घेऊन आला असता, तर त्याला कसे वाटेला लावले असते?’ एक आजी लाटणे दाखवतील, एक आजोबा कायदा सांगतील. ती उत्तरे वाचकाने भद्रेश्वराच्या तोंडून तिथल्या तिथे परतवावीत आणि मग मूळ संहितेकडे यावे. प्रत्येकाला नावाने पुकारावे. ‘कोणी काही बोलणार का?’ असे विचारले, तर कोणीच बोलत नाही.

तंत्राच्या दोन मर्यादा ध्यानात असाव्यात. अशा बैठकीत एकाच वेळी अनेकजण बोलले तर आवाज एकमेकांना गिळतात, आणि आवाज पोहोचायला किंचित विलंब लागत असल्याने सर्वांना एका तालात गाता येत नाही. म्हणून पद एकाने गावे, बाकीच्यांनी आपला आवाज बंद ठेवून घरातच साथ करावी. टाळ्यांऐवजी दोन्ही हात उंचावून हलवावेत, ते सर्वांना दिसतात.

प्रकृतीच्या दृष्टीने सांभाळायच्या गोष्टी

कान : वाढत्या वयात वरच्या पट्टीचे ध्वनी आधी हरपतात. त्यामुळे आवाज ऐकू येतो, पण ‘स’, ‘त’, ‘फ’ अशी व्यंजने निसटतात आणि शब्द कळत नाही. वाचकांनी ओरडू नये, सावकाश बोलावे. चेहऱ्यावर समोरून उजेड घ्यावा, म्हणजे ओठांची हालचाल दिसते. श्रवणयंत्र असेल तर ते आधी लावून पाहावे आणि वेगळा स्पीकर जोडावा.

डोळे : भ्रमणध्वनीचा इवलासा पडदा टाळून शक्य तर चित्र दूरदर्शन संचावर घ्यावे. पडद्याकडे पाहताना पापण्या कमी मिटतात व डोळे कोरडे पडतात, म्हणून मध्ये मध्ये नजर दूर न्यावी.

वेळ : एकूण कार्यक्रम 40 मिनिटांचा, मध्ये विश्रांती. त्या वेळी उठून चार पावले चालावे, पाणी प्यावे. मधुमेहींच्या खाण्याची व औषधांची वेळ चुकू देऊ नये. रविवारी सायंकाळी 5 वाजता बैठक ठेवली, तर उन्हाळ्यात न्यूयॉर्कमध्ये सकाळचे साडेसात वाजलेले असतात. तिकडची नातवंडेही एखादे पात्र वाचू शकतात.

एक गंभीर सूचना. एरवी नीट बोलणाऱ्या व्यक्तीची जीभ अचानक जड झाली, चेहरा एका बाजूला वाकडा दिसला किंवा हात उचलेना, तर ‘नेटवर्क गेले असेल’ म्हणून सोडून देऊ नका. तो पक्षाघाताचा झटका असू शकतो. रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. ताबडतोब 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. याचसाठी प्रत्येक श्रोत्याचा पत्ता आणि जवळच्या व्यक्तीचा दूरध्वनी क्रमांक सूत्रधारापाशी असावा.

आणखी एक : बैठकीचा दुवा परिचितांनाच द्यावा. त्या निमित्ताने कोणी ओटीपी वा बँकेचा तपशील मागितला, तर देऊ नये. फसवणूक झाल्यास 1930 वर लगेच कळवावे.

स्मृतिभ्रंश असलेल्यांसाठी

अमेरिकेतील अ‍ॅन बास्टिंग या नाट्यकर्मी विदुषीने 1990 च्या दशकात ‘टाइमस्लिप्स’ ही पद्धत विकसित केली. तिचे सूत्र असे की, स्मृतिभ्रंश झालेल्याला ‘आठवते का?’ असे विचारू नये, त्याच्या कल्पनेला साद घालावी. एखादे चित्र दाखवून ‘ही बाई कुठे निघाली असेल?’ असे विचारावे. याला चुकीचे उत्तरच नसते, त्यामुळे ओशाळे होण्याची पाळी येत नाही. मिळेल ते उत्तर, अगदी असंबद्ध वाटले तरी, गोष्टीत गुंफावे.

अशांच्या बाबतीत सकाळची वेळ निवडावी, कारण दिवस मावळताना त्यांचा गोंधळ अनेकदा वाढतो. पडद्यावर दोन-तीनच चेहरे असावेत, 20 मिनिटे पुरेत आणि शेजारी आपले माणूस बसलेले असावे. अस्वस्थता दिसली, तर तिथेच थांबावे.

प्रयोग संपताच पडदा काळा करू नये. दहा मिनिटे नुसत्या गप्पांसाठी राखावीत. आपण पोटभर बोललात का, या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा त्या दहा मिनिटांतच मिळते. एखाद्याच्या डोळ्यांत पाणी आले, तर घाबरू नये, ऐकून घ्यावे. उदासी मात्र दोन आठवड्यांहून अधिक टिकली, तर डॉक्टरांना दाखवावे.

5 नोव्हेंबरला मराठी रंगभूमी दिन असतो. त्या दिवशी आपल्या ओळखीतल्या, घरातच अडकलेल्या एखाद्या व्यक्तीला दूरध्वनी करून एवढेच विचारा : ‘आमच्या नाटकात एक भूमिका रिकामी आहे. आपण वाचाल का?’